उपवासाचा कागद

आमच्या वसतिगृहात स्वयंपाकघराच्या दारावर रोज दुपारी एक कागद लागतो. उद्या जिचा उपवास असेल तिने चहाच्या वेळेपर्यंत त्यावर नाव आणि खोली लिहायची. त्यावरून स्वयंपाकाच्या मावशी ठरवतात, भाकरीचं पीठ किती काढायचं आणि साबुदाणा किती भिजत घालायचा. पद्धत माझीच. मी नगरला या वसतिगृहाची रेक्टर म्हणून आले तेव्हा रोज भाकऱ्यांची चवड उरायची आणि दुसऱ्या दिवशी कोणी तिच्याकडे बघायचं नाही. मला अन्न टाकलेलं सहन होत नाही. कागद लावला आणि उरणं थांबलं. त्या कागदावर मी कितीतरी वर्षं खूश होते.

वापरलेले कागदही मी टाकत नाही. तारेच्या आकड्याला अडकवून ठेवते आणि पाठकोऱ्या बाजूवर बाजाराची यादी करते. ही सवय पुढे उपयोगाला आली. आधीच आली असती तर बरं झालं असतं.

ती मुलगी तिसगावच्या पुढच्या एका वाडीतली. आई-बाप दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते चैत्राच्या तोंडाशी परत यायचे. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा चांगली धट्टीकट्टी होती, मोठ्याने हसायची, पंगतीत शेवटी उठायची. दुसऱ्या वर्षी तिने नवरात्राचे नऊ दिवस धरले. त्यात नवल काही नव्हतं, वसतिगृहातल्या निम्म्या मुली धरतात. दसऱ्याला सगळ्या साड्या नेसून खाली आल्या तेव्हा मी तिला म्हणाले, "अगं, किती छान दिसतेयस! बारीक झालीस की. अशीच राहा."

हे वाक्य मी तोपर्यंत किती मुलींना म्हटलं असेल, मोजदाद नाही. बायका एकमेकींना म्हणतातच. मी हाताखालच्या मुलींना म्हणायची, एवढाच फरक.

त्यानंतर तिचं नाव कागदावर वरचेवर दिसायला लागलं. मला ते दिसत होतं आणि आवडतही होतं. एकदा जेवणात दोन मुली भाजीवरून कुरकुर करत होत्या, तेव्हा मी तिचं उदाहरण दिलं. "तिच्याकडे बघा. उपवास करते, अभ्यास करते, कधी तक्रार नाही." ती खाली बघत बसली. मला वाटलं, लाजली.

पौषातल्या एका शनिवारी सकाळी पाण्याच्या फिल्टरसमोर रांगेत उभी असताना ती पडली. हातातली बाटली गडगडत जिन्यापर्यंत गेली. दोन मुलींनी तिला उचललं. मुलींनी उचलावं आणि त्यांना काही जड वाटू नये, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. तपासून त्यांनी सलाईन लावलं आणि मला बाहेर घेतलं.

"ही शेवटची नीट जेवली कधी?"

"आज शनिवार आहे. मारुतीचा उपवास आहे तिचा."

"बरं. आणि काल?"

"काल शुक्रवार होता. लक्ष्मीचा."

"परवा?"

"गुरुवार," मी म्हणाले.

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"बुधवारी पोट बिघडलं होतं तिचं. मावशींना तसं सांगितलं होतं."

डॉक्टरांनी चारही वार केसपेपरवर एकाखाली एक लिहिले. कोणीतरी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ऑफिसात परत आल्यावर मी आकड्यावरचे सगळे कागद काढले आणि टेबलावर तारखेप्रमाणे लावले. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मध्ये चतुर्थी, एकादशी, प्रदोष. राहिले बुधवार आणि रविवार. त्या दिवशी कधी पोट, कधी डोकं, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. मावशींना विचारलं, ती खिचडी घ्यायची का? मावशी मिरजगावकडच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "कुठली खिचडी? निरंकार करती म्हनायची. मी म्हनलं, देवभोळी पोरगी हाय. तुमीच म्हनला हुता ना ताई, तिच्याकडं बघा म्हून. मी बघत हुते."

सगळं माझ्याच हाताखाली, माझ्याच कागदावर, माझ्याच अक्षरात तारीख घालून. एकही दिवस तिने चोरून काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला परत आणलं. खोलीत ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मी खुर्ची ओढून बसले.

"काय झालंय तुला?"

"काही नाही मॅडम. अशक्तपणा."

"मी कागद बघितलेत."

ती चादरीची सुरकुती सारखी करत बसली. मग म्हणाली, "घरी सांगू नका."

"सांगावं लागेल. नियम आहे."

"मॅडम, पप्पांना कळलं की पोरगी शहरात जाऊन आजारी पडली, की शिक्षण बंद. चैत्रात ते ऊस संपवून येतील आणि त्याच महिन्यात माझं लग्न लावतील. मामानं स्थळ बघून ठेवलंय. नवऱ्याबरोबर मी पुढच्या दसऱ्याला उसाच्या फडात. तुम्हाला काय वाटतं, तिथं मी जेवीन?"

तिने हे रडून नाही, हिशोबी आवाजात सांगितलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी लागते. अशा तीन मुली तरी माझ्याकडून अर्ध्यातून गेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या वेळी मी बापासमोर वसतिगृह सोडल्याचा फॉर्म ठेवून सही घेतली होती.

न सांगावं तर पोरगी हातातून जाईल. सांगावं तर कॉलेज जाईल, आणि मग तीही जाईल. मी दिवसभर विचार केला आणि शेवटी आईला बोलवायचं ठरवलं. घरात मोबाईल एकच, बापाकडे. तो तेव्हा कोल्हापूरच्या बाजूला कारखान्यावर होता. मी फोन केला.

"परीक्षेचे कागद आहेत. आईची सही लागेल."

"तिच्या आईला सही येत न्हाई मॅडम. आंगठा चालतो का?"

"चालतो."

"मंग मीच येतो की. मला सही येती."

"आईच पाहिजे. या वर्षीपासून नियम आहे."

"असले कसले नियम काढत्यात हो?" तो म्हणाला. पण पाठवतो म्हणाला. सरकारी कागद म्हटला की आमच्याकडे माणूस जास्त विचारत नाही. टोळीच्या मुकादमाने आईला दोन दिवस सोडलं.

आई संध्याकाळच्या एसटीने उतरली आणि चालत वसतिगृहावर आली. माझ्याच वयाची असेल किंवा लहानही, पण दिसायला मोठी. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा. पिशवीत एक फडकं बांधलेलं. ऑफिसात खुर्ची दिली तर काठावर टेकली आणि दार लावल्याबरोबर हळू आवाजात विचारलं, "काय केलं मॅडम पोरीनं? कुनाबरूबर गेली का?"

"नाही हो. कोणाबरोबर नाही. जेवत नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. "अवं, एवढंच व्हय! माजा जीव किती येळ एसटीत टांगला हुता."

मी कागद पुढे केले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचत गेले. एकेक तारीख, एकेक वार. तिने बोटांवर काही मोजलं. हसू गेलं. मग तिने एक प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी कोणीच तिच्या मुलीला विचारला नव्हता.

"आन सोडती कदी?"

मी कागद परत चाळले.

"सोमवार आमी बी धरतो मॅडम. फडात ऊस तोडून. पन दिवस मावळला की चुलीवर भाकर टाकायची आन सोडायचा. सोडल्याबिगर उपास पुरा हुतो का? तुमच्या ह्या कागदावर धरल्याला दिसतोय. सोडल्याला कुठं हाय?"

कागदावर तो रकाना नव्हता. मला मोजायच्या होत्या भाकऱ्या. कोण जेवणार नाही एवढंच हवं होतं. संध्याकाळी ती जेवली का, ही माझी अडचण नव्हती, कारण त्यानं पीठ वाया जात नव्हतं. मी शिकलेली बाई, मीही लग्नापासून सोमवार धरते आणि दर वेळी दिवेलागणीला सोडते. तरी हा प्रश्न मला सुचला नाही.

आई खोलीत गेली. मी दाराशीच थांबले. तिने मुलीचं मनगट धरलं आणि आपल्या अंगठ्यानं आणि बोटानं त्याला कडं घातलं. कडं सैल राहिलं. "कुठल्या देवानं सांगितलं तुला?" तिने विचारलं. मुलगी मान हलवत राहिली. मग म्हणाली, "आई, देवाचं नाही गं. मला जेवताच येत नाही. आधी मी जेवत नव्हते. आता मला येत नाही."

फडक्यात शेंगोळे होते. फडावरच्या पाचटाच्या कोपीत पहाटे हुलग्याचं पीठ मळून, वळून, शिजवून डब्यात आणलेले, एसटीत गार झालेले. आईने डबा उघडला आणि परत लावला. वाढले नाहीत. त्या बाईला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं मला पुढचे सहा महिने शिकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिघी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी साधेपणानं सांगितलं. हा आजार आहे, नखरा नाही. हट्ट नाही, भूतबाधा नाही. जबरदस्तीने भरवून जात नाही. मनाच्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला यावं लागेल, वर्षभर तरी. आई सगळं ऐकून म्हणाली, "हिच्या बापाला काय सांगू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "रक्त कमी झालंय म्हणून सांगा. डॉक्टरांनी उपवास बंद केलेत. दोन्ही खरंच आहे."

"आन आंगठा?"

ऑफिसात येऊन एका कोऱ्या अर्जावर मी तिचा अंगठा घेतला. म्हणजे तिला नवऱ्याला सांगताना खोटं बोलावं लागलं नाही.

जायच्या आधी तिने एक काम केलं, जे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. म्हणाली, धरलेले वार असे अधांतरी टाकता येत नाहीत, उद्यापन करते. मावशींनी तिला गॅसची शेगडी दिली. दुपारी तिने वसतिगृहातल्या पाच मुली कुमारिका म्हणून पाटावर बसवल्या, ताजे शेंगोळे केले, वाढले, हळद-कुंकू लावलं. सगळ्या वारांचं एकदमच. लेकीला म्हणाली, "झालं. समद्या देवांचं देनं फिटलं. आता तू वार धरलास तर देव माज्याशी भांडतील, तुज्याशी न्हाई." मुलीने वाटीतले तीन शेंगोळे खाल्ले. मावशींनी डोळ्याला पदर लावला. मीही मनात म्हटलं, सुटलो.

सुटलो वगैरे काही नव्हतो. उपवासाची वाट बंद झाली तर पंधरा दिवसांत तिला दुसरी सापडली. ती कोणती ते मी इथे लिहिणार नाही, कारण वाचणाऱ्यांत मुलीही असतात. तीही बंद केली. मग तिसरी. दर गुरुवारी दुपारी रिक्षाने दवाखाना, तिथल्या बाकावर तास-दीड तास, परत. कधी मावशी, बहुतेक वेळा मी. त्या बाकावर मी पालकाची भाजी निवडली, मोजे विणले, जांभया दिल्या. एखाद्या गुरुवारी ती रस्ताभर बोलायची, पुढच्या गुरुवारी माझ्याकडे बघायचीही नाही. एकदा म्हणाली, "तुम्ही माझ्यामुळे दमलात ना?" मी म्हणाले, "हो." खोटं कशाला बोलायचं?

तिच्या निमित्ताने मी बाकीच्यांकडे बघायला लागले आणि बघून बरं वाटलं नाही. सकाळचा नाश्ता अर्ध्याजणी घेतच नव्हत्या. एकीच्या कपाटात वजन उतरवायच्या पावडरीचा डबा होता, कोणा ओळखीच्या ताईने मोबाईलवरून विकलेला. दोघी परीक्षेच्या काळात नुसत्या काळ्या कॉफीवर आणि एनर्जी ड्रिंकच्या गोड, फसफसणाऱ्या डब्यांवर राहायच्या. एक हुशार मुलगी दिवसभर काही खायची नाही आणि मग बिस्किटांचे पुडेच्या पुडे संपवून रडत बसायची. मी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि विचारलं, हे काय चाललंय?

मागून एकजण म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर म्हणता, बारीक झालीस, छान दिसतेस."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण तिसगावकडची ती मुलगी त्याच रांगेत बसली होती आणि हसत नव्हती.

त्या दिवशी मी तीन गोष्टी केल्या. जिन्याखालचा वजनकाटा उचलून भंगारात दिला. कागदावर दुसरा रकाना आखला: सोडला. संध्याकाळी मावशींसमोर जेवायचं आणि तिथे सही करायची. मुली त्याला पोलीस ठाण्याची हजेरी म्हणतात. म्हणू देत. तिसरी गोष्ट म्हणजे कोणाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, चांगलंही नाही. ही तिसरी सगळ्यात जड गेली. सुट्टीवरून आलेल्या मुलीला काय म्हणायचं, हेच मला कितीतरी दिवस कळेना. जाड-बारीक काढून टाकलं की आम्हा बायकांकडे बोलायला फार थोडं उरतं.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी बाप आला. याच दिवसाची तिला भीती होती. चैत्र सरला होता, मामाने स्थळाचा विषय काढलाही होता. आईने तो कसा लांबवला मला माहीत नाही, पण लांबवला होता. बाप ऑफिसात आला, लेकीकडे बघून खूश झाला आणि म्हणाला, "आता जरा अंगानं भरली की!"

मुलीचा चेहरा उतरला. एवढ्या महिन्यांची मेहनत एका वाक्यात बसकण मारताना मला दिसली.

"तिच्या अंगाबद्दल बोलायचं नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"चांगलंच बोललो की मॅडम!"

"चांगलंही नाही."

"मंग काय बोलू?" त्याने खरोखरच विचारलं. भला माणूस होता.

"दुसरं काहीही. परीक्षेचं विचारा."

त्याने टोपी सारखी केली, लेकीकडे वळला आणि म्हणाला, "मंग... परीक्षा कशी गेली?"

"पास झाले पप्पा. रसायनात वर्गात तिसरी."

"तिसरी म्हंजी चांगलं का वाईट?"

"चांगलं."

त्याने थोडा विचार केला. "रक्त पुरतंय का तिसऱ्या वरसाला?" हा प्रश्न मला होता.

"जेवली तर पुरेल. आणि इथे मी आहे. घरी कोण आहे दसऱ्यानंतर?"

घरी दसऱ्यानंतर कोणीच नसतं. त्याने सही केली, मोठ्या सुट्या अक्षरांत. लग्न एक वर्ष पुढे गेलं. एकच वर्ष, यापेक्षा जास्त काही मी मिळवलं असं म्हणणार नाही.

मग श्रावण आला. पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी कागद बघायला गेले. नावांची रांग लागली होती, श्रावणात लागतेच. तळाशी तिचं नाव होतं, बारीक अक्षरात.

मी पेन काढून त्यावर रेघ मारली. ती मागेच उभी होती.

"मॅडम, एकच सोमवार. सगळ्या धरतात."

"सगळ्या धरू देत. तू नाही."

"संध्याकाळी सोडीन. सही करीन."

"नाही."

"तुम्ही धरणार ना पण?" तिचा आवाज चढला होता. "तुम्ही वर्षानुवर्षं धरता. तुम्हाला चालतं, आणि मी धरला की आजार?"

भोवती चार मुली उभ्या होत्या, चहाचे कप हातात धरून. तिचं चूक नव्हतं. लग्नापासून मी श्रावणातला एकही सोमवार चुकवला नाही. बाळंतपणातही नाही, सासूबाई नको म्हणत असताना. मला त्याचा अभिमान होता, आणि थोडा पोट आत राहतं याचाही होता. हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"मी पण जेवणार उद्या," मी म्हणाले. "दुपारी. इथेच."

ती वर निघून गेली.

सोमवारी दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये फारच थोड्या मुली होत्या. बाकीच्या खिचडीवर. मी ताट घेऊन मावशींसमोर उभी राहिले.

"ताई, श्रावण सोमवार हाय आज!" मावशी म्हणाल्या, म्हणजे ओरडल्याच.

"माहीत आहे. वाढा."

"देवाला काय सांगू मी?"

"मी सांगते देवाला. तुम्ही भाकरी वाढा."

त्यांनी आदळून वाढली. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, कांदा. मी बसले. थोड्या वेळाने ती आली, ताट घेतलं आणि माझ्यासमोर न बसता बाजूच्या टेबलावर बसली, पाठ करून. मला घास गिळताना त्रास झाला. इतक्या वर्षांत त्या वारी दुपारी घशाखाली भाकरी उतरलेली नव्हती, आणि दर घासाला वाटत होतं की आपण काहीतरी चोरतोय. समोर अन्न आहे आणि हात पुढे जात नाही, हे काय असतं, ते मला त्या दुपारी अर्ध्या भाकरीपुरतं कळलं. तिला ते रोज होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्या ताटाकडे बघायचं नाही. मी बघितलं नाही. उसळ संपवली, पाणी प्यायले, उठले. ताट घासायला टाकताना तिचंही ताट तिथेच आलं. भाकरीचा चतकोर उरला होता, बाकी सगळं गेलं होतं.

पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी दवाखान्याला जाताना रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि पूर्ण रस्ता बाहेर बघत राहिली. जेवत मात्र होती. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी पालकाची भाजी निवडायला घेतली.